घुटमळलं, तिथून पुढे

गावात घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असतं. श्वानपथकाला पाचारण करण्यात आलं, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला आणि ते तिथेच घुटमळलं. लहानपणापासून हे वाक्य मी वाचत आले आहे. वाचणारा त्याचा एकच अर्थ लावतो, की कुत्र्याला जमलं नाही. मीही बरीच वर्षं तोच लावला. तो अर्थ चुकीचा आहे हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही, हरभरा निघालेल्या एका रानात सापडलं. हे पुस्तक त्या सकाळपासून सुरू झालं, म्हणून ती आधी सांगते.

फेब्रुवारी महिना, सासवडच्या अलीकडचं रान, सकाळचे साडेसात. हरभरा उपटून नेलेला, मागे वाळकी पानं आणि खुरटं गवत. दहिवर अजून सुकलं नव्हतं. वस्तीवरचा एक मुलगा तासाभरापूर्वी त्या रानातून चालत गेला होता. तो कुठून कसा गेला हे त्याने मला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. वाट संपली तिथे त्याने स्वतःचा एक जुना हातमोजा टाकला होता. मी भुरीला छातीचा पट्टा बांधला, दहा मीटरची दोरी अडकवली आणि सुरुवातीला रोवलेल्या काठीशी तिला आणलं. भुरी आमच्या गल्लीत वाढलेली गावठी कुत्री, तेव्हा दोन वर्षांची. नाक खाली घालून ती निघाली, पहिलं वळण सहज घेतलं. पुढे बांधाच्या अलीकडे थांबली. दोन पावलं मागे आली, डोकं वर केलं, गोल फिरली, पुन्हा थांबली. मला वाटलं, भरकटली. बांधापलीकडे पायवाट होती आणि कुणीही चालणारा तिकडेच गेला असता. मी दोरी हलकेच त्या बाजूला ओढली. भुरी निमूट माझ्याबरोबर आली. चाळीसेक पावलं आम्ही दोघी त्या पायवाटेने गेलो. मग ती उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली.

श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार त्या वर्षी दर रविवारी मला शिकवायला येत. ते बांधापाशीच उभे होते. तिथूनच म्हणाले, "ताई, ती चुकली नव्हती. तुम्ही चुकवलंत तिला. परत आणा इथं, आणि दोरी सैल सोडा."

"पण काका, ती घुटमळत होती की."

"घुटमळणारच. माग वळलाय इथं. ती शोधत होती, तुम्ही मधेच सांगून टाकलंत."

परत आणलं, दोरी सोडली. भुरीने दोन फेरे घातले. दुसऱ्या फेऱ्यात तिची मान एकदम खाली गेली, शेपटी ताठ झाली आणि बांधाच्या कडेकडेने ती डावीकडे चालू लागली. माझ्या हातातली दोरी आधी भुईवर लोळत होती, ती उचलली गेली, ताणली गेली. साठ पावलांवर, ढेकळांत, तो हातमोजा होता. तिने त्याला नाक लावलं आणि खाली बसली.

कुत्र्याला माग काढायला शिकवणं म्हणजे काय, हे मला विचारलं तर मी त्या दोरीकडे बोट दाखवीन. वास घ्यायला कुत्र्याला कुणी शिकवत नाही, ते त्याला आईच्या पोटातून येतं. त्याला शिकवायचं ते एवढंच, की अनेक वासांतला हा एक धरायचा आणि दुसरं काही आडवं आलं तरी तो सोडायचा नाही. दोरीच्या या टोकाला असलेल्या माणसाला मात्र सगळं शिकावं लागतं: ताण कधी आला, कधी गेला, मान किती वर उठली, श्वासाचा आवाज कुठे बदलला. आणि सर्वांत अवघड, आपल्याला वाट ठाऊक आहे असं वाटत असताना हात आवरणं.

विषयात नव्याने येणाऱ्यासाठी आधी शब्दांचा गुंता सोडवते. कुत्र्याच्या नाकाकडून आपण तीन वेगळी कामं करून घेतो आणि मराठीत तिन्हींना 'वास काढणं' म्हणून मोकळे होतो. पहिलं काम ठरावीक पदार्थ शोधण्याचं. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत ज्याने नाव कमावलं तो झंजीर हा लॅब्रेडॉर या कामातला. पुण्याच्या शिवाजीनगरच्या केंद्रात तो शिकला, स्फोटकं शोधून त्याने असंख्य जीव वाचवले. पण तो कुणाच्या पाऊलवाटेने चालत नव्हता. बॅग, गाडी, खोली हुंगून त्यात काय आहे ते सांगत होता. दुसरं काम हवेतून येणारा वास पकडण्याचं. भूकंपानंतरचा ढिगारा, हिमप्रपात, मोठं जंगल अशा जागी कुत्रं मोकळं सोडतात. ते वाऱ्याच्या तोंडाला फिरतं आणि कुठेही माणूस असला तरी त्याच्याकडे धाव घेतं. तिसरं काम मागाचं. एक विशिष्ट माणूस किंवा जनावर इथून गेलं. ते ज्या क्रमाने गेलं त्याच क्रमाने, त्याच दिशेला जायचं. हे पुस्तक या तिसऱ्या कामाविषयी आहे. एकाच कुत्र्याला तिन्ही शिकवता येतात, तरी शिकवण्याची रीत, चाचणी आणि चुका तिन्हींच्या वेगळ्या असतात.

माणूस चालून गेल्यावर मागे राहतं तरी काय? दोन गोष्टी राहतात. एक त्याच्या अंगाची. त्वचेच्या मेलेल्या पेशींचे बारीक कण आपल्या अंगावरून सतत गळत असतात. अमेरिकेतल्या विल्यम सिरोटक यांनी १९७२च्या आपल्या छोट्या पुस्तकात मिनिटाला सुमारे ४०,००० असा अंदाज दिला आणि तो आजही या क्षेत्रात सांगितला जातो. या कणांवर घाम असतो, तेलकटपणा असतो, जिवाणू असतात. हे सगळं वाऱ्यावर उडतं, गवताला चिकटतं, ओढ्याच्या खळग्यात साठतं. दुसरी गोष्ट जमिनीची. पाय पडला की गवताची पात चिरडते, माती फुटते, आतला ओलावा वर येतो, एखादा किडा मरतो. चिरडलेल्या गवताचा वास आपल्यालाही येतो. कुत्र्याला तो कितीतरी वेळ आणि एकेका पावलाच्या जागी येतो.

कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी जातीनुसार २० ते ३० कोटी असतात आणि माणसाच्या नाकात ५०-६० लाख, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मला या आकड्यांपेक्षा नाकपुडीच्या कडेला असलेली चीर जास्त विलक्षण वाटते. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत गॅरी सेटल्स यांनी हवेचे झोत दिसतील अशा तऱ्हेने चित्रित करून दाखवलं, की कुत्रं श्वास समोरून घेतं पण उच्छ्वास त्या चिरेतून बाजूला आणि मागे टाकतं. पुढ्यातला वास त्याच्या स्वतःच्या श्वासाने विस्कटत नाही. तुमचं कुत्रं उन्हात झोपलं असेल तर आत्ता जाऊन त्याचं नाक जवळून बघा. ती स्वल्पविरामासारखी चीर रोज डोळ्यांसमोर असते आणि आपण तिच्याकडे पाहिलेलंच नसतं.

दिशेचं कोडं त्याहून सुंदर आहे. वाटेच्या मध्यावर आडवं आणलेलं कुत्रं माणूस डावीकडे गेला की उजवीकडे, हे कसं ठरवतं? ऑस्लोच्या संशोधकांनी १९९३मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर हा प्रयोग केला. कुत्र्याच्या वागण्याचे तीन टप्पे त्यांना स्वच्छ दिसले. आधी ते भरभर फिरून माग शोधतं. तो सापडला की चाल एकदम मंदावते, तीन ते पाच सेकंदांत दोन ते पाच पावलं हुंगली जातात. आणि मग ते दिशा धरून चालू लागतं. २००५मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगात पाच पावलं पुरली, तीन पुरली नाहीत. एका पावलाच्या आणि पुढच्या पावलाच्या मध्ये सेकंदभराचं अंतर. तेवढ्यात वासात पडलेला फरक कुत्रं पाच पावलांवरून ओळखतं. मधल्या त्या तीन-पाच सेकंदांचं नाव घुटमळणं. बातमीत जे अपयश म्हणून छापलं जातं, ते पुष्कळदा निर्णयाच्या आधीचं मोजमाप असतं.

विषयाचा इतिहास फार मागे जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा आहे. पणींनी गाई पळवून दडवल्या, तेव्हा इंद्राची दूती होऊन ही देवशुनी निघाली, रसा नदी ओलांडून गेली आणि गाई होत्या तिथे पोचली. कुत्र्याला सारमेय म्हणतात ते तिच्यावरून. मात्र दख्खनच्या गावगाड्यात हे काम माणसाकडे होतं. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९मध्ये लिहिलेल्या अहवालात राखणदारांची रीत दिली आहे. चोरी झाली की गावच्या रामोश्याने, महाराने किंवा भिल्लाने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की पावलाच्या मापासकट तो तिथल्या राखणदाराच्या स्वाधीन करायचा, तिथून पुढे जबाबदारी त्याची. या पद्धतीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते: माग कुठवर आला हे नेमकं सांगायचं आणि त्यापुढचं आपल्या पदरचं जोडायचं नाही. चोर गाडीत बसून निघून गेला असेल, तर मुख्य रस्त्याशी थांबणारं कुत्रं नेमकं हेच करत असतं.

कुत्र्याच्या मागाचा पद्धतशीर अभ्यास युरोपात सुरू झाला. डार्विनचे तरुण स्नेही जॉर्ज रोमानिस यांचा १८८७चा प्रयोग अजून वाचावासा वाटतो. बारा माणसं एकामागे एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत चालली. सर्वांत पुढे स्वतः रोमानिस. दोनशे यार्डांवर रांग दुभंगली, अर्धी उजवीकडे, अर्धी डावीकडे. नंतर त्यांची सेटर कुत्री सोडली. ती इतक्या वेगाने आली, की फाटा ओलांडून पुढे गेली, लगेच परत वळली आणि धन्याचा फाटा धरला. अकरा माणसांच्या पावलांखालून तिने एक पाऊल वेचून काढलं होतं. दुसऱ्या वेळी रोमानिस बुटांच्या तळाला जाड तपकिरी कागद चिकटवून चालले. कुत्रीला काही सापडेना. जिथे कागद झिजून फाटला होता, तिथपासून तिने माग उचलला. मोजपट्टी नाही, यंत्र नाही, फक्त कागद आणि गोंद, आणि तेवढ्यावर माणसाला काय सोडून जावं लागतं आणि काय झाकता येतं याचं इतकं नेमकं उत्तर.

पुढच्याच वर्षी लंडनचे पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी व्हाइटचॅपलच्या खुनांच्या तपासासाठी बार्नबी आणि बर्गो या दोन ब्लडहाउंडांची उद्यानात चाचणी घेतली. पकडलं कुणीच गेलं नाही. दाट वस्तीतल्या फरसबंदीवर, हजारो पावलांत, ताजा माग हाती नसताना ते होणारही नव्हतं. पण कुत्रं म्हणजे जादू अशी लोकांची समजूत आणि मग झालेली निराशा, ही जोडी तेव्हापासून या विषयाला चिकटली आहे. १८९९मध्ये बेल्जियमच्या गेंट शहराने पोलिसांत नियमित कुत्री ठेवली. जर्मनीने ते शास्त्र बनवलं. कोनराड मोस्ट यांचं १९१०चं पुस्तक हा मैलाचा दगड. त्यांची जबरदस्तीची रीत आज मला मान्य नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न कुणी टाळू नये: कुत्रं खरंच त्या माणसाचा वास धरतं, की फक्त चिरडलेल्या जमिनीचा? बूट बसवलेलं चाक फिरवून त्यांनी माणसाविना माग उमटवला आणि कुत्री त्यामागे गेली. रोमानिस यांची सेटर एक सांगते, मोस्ट यांचं चाक दुसरं. दोन्ही खरं आहे. कुत्रं त्या क्षणी जे सोपं आणि फायद्याचं असेल ते धरतं, आणि फायद्याचं काय हे शिकवणारा ठरवतो.

या एका प्रश्नावरून आजची घराणी फुटली आहेत. जर्मन क्रीडाप्रकारातलं घराणं पावलापाठोपाठ नाक मागतं. पूर्वी शुट्सहुंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१९पासून आयजीपी नाव घेतलेल्या परीक्षेच्या वरच्या पायरीला अनोळखी माणसाने घातलेला ६०० पावलांचा, किमान तासभर जुना माग असतो. त्यात चार वळणं आणि तीन वस्तू. शंभरातून सत्तर गुण मिळाले तर उत्तीर्ण. कुत्रं किती सावकाश, किती खोल नाकाने, प्रत्येक पावलाला स्पर्श करत गेलं यावर गुण. शिकवताना प्रत्येक पावलात खाऊचा तुकडा ठेवतात आणि हळूहळू काढून घेतात. उत्तर अमेरिकेतल्या घराण्याला पोचण्याशी मतलब. कॅनडाचे ग्लेन जॉन्सन यांनी १९७५च्या पुस्तकात दिवसागणिक सरावाचं वेळापत्रक दिलं आणि हौशी माणसाला हे जमू शकतं हे सिद्ध केलं. अमेरिकन केनेल क्लबच्या पहिल्या परीक्षेत माग ४४० ते ५०० यार्डांचा, अर्ध्या ते दोन तासांचा. वरच्या एका परीक्षेत तो इमारती आणि डांबर यांमधून जातो, तीन ते पाच तास जुना. तिसरं घराणं ब्लडहाउंडवाल्यांचं. ते हरवलेल्या माणसाची उशी किंवा मोजा हुंगायला देतात आणि कुत्र्याने पावलांवरूनच गेलं पाहिजे असा आग्रह धरत नाहीत. वाऱ्याने वास दहा फूट बाजूला नेला असेल, तर कुत्रं तिथून जाईल. याला ट्रेलिंग म्हणतात. चौथं घराणं जुनं, शिकाऱ्यांचं. हॅनोव्हरचे श्वाइसहुंड जखमी हरणाच्या रक्ताचा, रात्र उलटून गेलेला माग लांब दोरीवर काढतात. जर्मनीत जखमी जनावर तसंच सोडून देणं लाजिरवाणं मानतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, तरी या घराण्याचा संयम आपल्या वनखात्याला फार उपयोगी पडेल असं माझं मत आहे.

कोणतं घराणं बरं, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात. माझी बाजू उघड सांगते. पाया जर्मन रीतीचा असावा, खाऊवर, जबरदस्तीविना. सावकाश चालणारं कुत्रं वाचायला सोपं असतं आणि शिकणाऱ्या माणसाला वाचायला वेळ मिळतो. पण गुणांसाठी पावलाला पाऊल जोडत राहिलं, तर कुत्रं वाऱ्याचा उपयोग करायला विसरतं आणि हरवलेलं मूल शोधताना तो वाराच कामाचा असतो. म्हणून दुसऱ्या वर्षापासून दोरी लांब करावी आणि कुत्र्याला मागाच्या कडेने जायची मुभा द्यावी. मानेवर झटका देऊन नाक खाली दाबणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या कुत्र्यांची नाकं खाली असतात, पण अनेकदा ती वास घेत नसतात, मार चुकवत असतात. या पुस्तकात त्या रीतीला जागा नाही.

भारतात हे काम गणवेशात वाढलं. मेरठला लष्कराचं श्वान प्रशिक्षण १९६०पासून, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं केंद्र १९७०पासून. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९चं. डॉबरमन हा आपल्या पोलिसांचा मागावरचा लाडका कुत्रा; पुढे जर्मन शेफर्ड आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनोआ आले. या पथकांतले हँडलर पहाटे चारला उठतात, कुत्र्याच्या खाण्यापिण्यापासून गोचिडांपर्यंत सगळं बघतात आणि निवृत्त होताना त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जातं. ते मराठीत लिहून ठेवलेलं फारसं कुठे नाही. माझ्या त्या हवालदारकाकांनी बोटावर थुंकी लावून वारा बघायला शिकवलं, तेव्हा मला त्याची टोचणी लागली.

कायद्याने मात्र या मागाकडे सावधपणे पाहिलं आहे, आणि ते रास्त आहे. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप मांडले. कुत्रं शपथ घेत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने हँडलर बोलतो, म्हणजे ती ऐकीव साक्ष. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. आणि अशा पुराव्याचा मनावर होणारा परिणाम त्याच्या खऱ्या वजनाहून मोठा असतो. तपासाला दिशा मिळावी एवढ्यापुरता माग घ्यावा, शिक्षेचा पाया त्यावर रचू नये, असं मीही मानते. कारण दोरी ओढणारा हात. २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत अठरा हँडलर आणि त्यांची कुत्री एका चर्चमध्ये नेली. हँडलरना सांगितलं होतं, की इथे लक्ष्याचा वास ठेवलेला असू शकतो आणि लाल कागद त्याची जागा दाखवतो. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. तरी बहुतेक फेऱ्यांत 'सापडलं' अशी खूण नोंदली गेली आणि लाल कागदांपाशी ती अधिक झाली. ती कुत्री पदार्थ शोधणारी होती, मागावरची नव्हती; पण सासवडच्या रानात पायवाटेकडे गेलेला माझा हात आणि तो लाल कागद यांत मला फरक दिसत नाही. त्या दिवशी हातमोज्याऐवजी कुणाची अब्रू पणाला लागली असती तर?

म्हणूनच, ज्याची वाट हँडलरला माहीत नाही असा माग पहिल्या काही महिन्यांतच सुरू करा, असा माझा आग्रह आहे. आणि पुढे असा, की ज्याची वाट मैदानावर हजर असलेल्या कुणालाच माहीत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच प्रात्यक्षिकांत चोर झालेला शिपाई कुठे उभा आहे हे हँडलरला ठाऊक असतं. टाळ्या मिळतात, कुत्रं मात्र माणसाचा खांदा कुठे वळतो ते बघायला शिकतं.

हे सगळं आत्ता का, असं कुणी विचारेल. एक कारण जंगलाचं. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने २००८पासून भारतातल्या वनखात्यांसाठी कुत्री तयार करायला सुरुवात केली; काझीरंगात आरण्यक संस्थेचा जोरबा हा मॅलिनोआ गेंड्यांच्या शिकाऱ्यांच्या मागावर जाऊन नावारूपाला आला. पण अपेक्षा आणि शिक्षण यांचा मेळ अजून बसलेला नाही. २०१८मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात टी-वन वाघिणीच्या शोधासाठी केन कोर्सो जातीची कुत्री आणली गेली. ती जात राखणीची. त्या परिसरात, त्या जनावराच्या वासावर महिनोन्‌महिने तयार झालेलं कुत्रं ऐनवेळी बाहेरून आणता येत नाही. ते आधीपासून तिथेच राहावं लागतं.

दुसरं कारण घरातलं आहे आणि मला जास्त जवळचं. विस्मरणाचा आजार असलेली म्हातारी माणसं दार उघडून निघून जातात. पहिले काही तास मोलाचे असतात आणि ते तास आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवण्यात घालवतो. दर तालुक्याला चार-पाच तयार कुत्री आणि त्यांची माणसं असली, तर त्या तासांत खरोखरीचा शोध सुरू होऊ शकेल. त्यासाठी घरच्यांनी करायची गोष्ट साधी आहे: त्या माणसाचा वापरलेला, न धुतलेला एक कपडा दुसऱ्या कुणाचा हात न लागता स्वच्छ पिशवीत ठेवून द्यायचा आणि दारासमोरचं अंगण तुडवायचं नाही.

यात आपल्या मुलखाचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागेल. परदेशी पुस्तकांतली कुरणं आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने एवढीच असतात. दिवाळीनंतर गवत वाळतं, चिरडल्याचा वास क्षीण होतो. काळ्या रानाच्या भेगांत वास शिरून बसतो आणि कुत्रं भेगेभेगेला थांबतं. कोकणातला कातळ दुपारी इतका तापतो, की पंजे भाजतात. तिथे सूर्य उगवायच्या आत काम संपवावं लागतं. विदर्भात एप्रिलमध्ये कुत्रं धापा टाकू लागतं, आणि तोंडाने धापणारं कुत्रं नाकाने नीट हुंगू शकत नाही. भातखाचरात पाणी असलं, तर माग बांधावर शोधायचा. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी या ऋतूंना आणि जमिनींना दिला आहे. बाकी बरंच इतर भाषांत मिळेल. हे मिळणार नाही.

जातींवर मी थोडंच लिहिलं आहे. आपले कारवान आणि मुधोळ कुत्रे देखणे आहेत, चपळ आहेत, पण ते नजरेवर धावणारे. ससा दिसला की माग संपला. त्यांना शिकवता येतं, वेळ अधिक लागतो. गावठी कुत्र्यांवर माझा लोभ आहे आणि तो मी लपवलेला नाही. ऊन त्यांना सोसतं, पोट साधं असतं आणि हुंगत हिंडण्यातच त्यांचं लहानपण गेलेलं असतं. भुरीखेरीज अशी सहा कुत्री मी मागावर घातली. चार उत्तम निघाली, एक बरं, आणि एकाला शेवटपर्यंत बकऱ्यांचाच वास प्यारा राहिला.

हे पुस्तक वाचून कुणी पोलिसी तपास करू नये. ते शिकलेल्या, जबाबदार पथकाचं काम आहे. ज्याच्याजवळ कुत्रं आहे, सकाळचा एक तास आहे आणि शेतमालकाला विचारण्याची रीत आहे, त्याला हाताशी धरून पहिल्या चौरस मीटरच्या तुडवलेल्या तुकड्यापासून तीन तास जुन्या, दुसऱ्यांच्या पावलांनी छेदलेल्या मागापर्यंत नेणं, एवढी या पुस्तकाची धाव आहे. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही, पण वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. माग कुणी घातला, किती वाजता, वारा कुठला, दहिवर होतं का, कुत्रं कुठे थांबलं, किती वेळ थांबलं आणि तेव्हा आपण काय केलं. शेवटचा रकाना भरायला सगळ्यांत जड जातो.

नमुना म्हणून पहिल्या पानावर मी माझ्याच वहीतला एक नकाशा छापला आहे, त्या हरभऱ्याच्या रानाचा. काठी, पहिलं वळण, बांध, पायवाट, हातमोजा. भुरी गेली ती रेघ निळी आहे. बांधाच्या अलीकडे पेन्सिलीची एक फुली आहे आणि तिच्याशेजारी हवालदारकाकांच्या अक्षरात 'येथे दोरी ओढली' असं लिहिलं आहे.